उभं राहणाऱ्यांच्या पायाखाली

मंडळी, यावेळचा विषय जरा विचित्र आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याच्या ऑफिसात उंची कमी-जास्त होणारी टेबलं आली आहेत. बटण दाबलं की टेबल वर येतं, मग उभं राहून काम करायचं. पाठीला बरं असतं म्हणे. आठवड्याभरात साहेबांच्या टाचा दुखायला लागल्या, आणि आता पायाखाली घालायची मऊ मॅट घ्यायची आहे. "मामा, कुठली घेऊ?" हा प्रश्न त्याने मला का विचारावा देव जाणे. मी इतिहासाची पुस्तकं वाचणारा माणूस, मला रबरातलं काय कळतं! पण प्रश्न डोक्यात राहिला आणि त्याचा दुसराच प्रश्न झाला. आपल्याकडे जी माणसं उभ्याने काम करत आली, त्यांच्या पायाखाली आजवर काय होतं?

मुक्ताईनगरच्या माणसाला पहिल्यांदा काय आठवणार? वीट. कोथळीहून मुक्ताईची पालखी दरवर्षी महिनाभराहून जास्त चालून पंढरपूरला जाते, आणि पोहोचते कुणापाशी, तर एका उभ्या असलेल्या देवापाशी. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, उठता येईना, म्हणून त्याने दारातल्या पाहुण्याकडे वीट सरकवली. किती युगं झाली ते आरती म्हणणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. मॅट म्हणून पाहिलं तर वीट अगदीच वाईट. कडक, आखूड, पाय हलवायला जागा नाही. हात कमरेवर जातात यात नवल ते काय :) पण त्या कथेतली एक गोष्ट मला फार आवडते. थांबायला लावलं, तर पायाखाली काहीतरी देणं ही थांबवणाऱ्याची जबाबदारी, हे पुंडलिकाला कळत होतं.

पालखीबरोबर जाणारी आमच्याकडची माणसं आणखी एक सांगतात. इतके दिवस चालून पाय जेवढे दुखत नाहीत, तेवढे पंढरपुरात दर्शनबारीत उभं राहून दुखतात. यात शास्त्र आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की हा पंप थंडावतो, रक्त खाली साचतं. म्हणजे उभं राहण्यापेक्षा न हलता उभं राहणं हा खरा त्रास.

इतिहासात मात्र उभं राहणं हा पायांचा प्रश्न कधी नव्हताच, तो मानाचा प्रश्न होता. कोण बसणार आणि कोण उभा राहणार, यावरून माणसाची पायरी ठरायची. १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं, आणि पुढे काय झालं ते शाळेतल्या पोराला विचारा. त्या दरबारात मोठमोठे सरदार उभेच असत. महाराजांचा संताप होता तो कुठल्या रांगेत आणि कुणाच्या मागे उभं केलं यावर. आपल्या पेढ्यांवरही तोच न्याय, फक्त लहान प्रमाणात. शेठजी लोडाला टेकून गादीवर, मुनीम समोर उतरतं डेस्क घेऊन मांडी घालून, आणि हमाल, कूळ, गडी दारात उभे. ज्याच्या हाती लेखणी तो बसलेला. आता लेखणीची (म्हणजे की-बोर्डची) माणसं आपणहून, पैसे मोजून उभी राहतात हे त्या मुनीमजींना सांगितलं असतं तर त्यांनी वही मिटून वैद्याला बोलावलं असतं.

असो. मानाने उभं राहण्याचीही एक परंपरा आपल्याकडे आहे. अखंड हरिनाम सप्ताहातला विणेकरी पाहा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही असा नेम. गळ्यात वीणा अडकवून एक जण उभा, त्याची वेळ संपली की वीणा त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. या पाळीला पहारा म्हणतात. देवळाची फरशी गार आणि टणक, म्हणून आमच्याकडे विणेकऱ्याच्या पायाखाली घोंगडी नाहीतर सतरंजीची घडी टाकतात. पण घोंगडीपेक्षा महत्त्वाचा तो पहारा. वीणा अखंड उभी राहते, माणूस नाही. नेम करणाऱ्यांनी माणसाच्या पायांचा हिशेब आधीच करून ठेवलेला आहे.

हा हिशेब जिथे कुणीच केला नाही, ती जागा घरात आहे. स्वयंपाकघर.

माझ्या लहानपणी स्वयंपाक बसून होत असे. चूल खाली, पाटा-वरवंटा खाली, विळी खाली. धूर, डोळ्यांतून पाणी, सारखं ऊठबस, सगळं खरं. ते दिवस छान होते असं मी मुळीच म्हणणार नाही. मग वातीचा स्टोव्ह आला, नंतर गॅस. इंडेन गॅस १९६५ साली तेव्हाच्या कलकत्त्यात सुरू झाला. आमच्या भागात शेगड्या पोहोचायला बरीच वर्षं जावी लागली, पण आल्या तेव्हा त्यांच्यासाठी ओटा आला. उभा ओटा! अख्खं स्वयंपाकघर कमरेएवढं वर उचललं गेलं. घर बांधलं की पहिली बढाई ओट्याची. आमच्या थोरल्या वहिनींनी नवीन ओट्यावर पहिल्या दिवशी पुरणपोळ्या केल्या तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या.

चूल सुटली, धूर सुटला, कंबर वाकणं सुटलं. आणि बसणंही सुटलं. पूर्वी भाजी निवडणं-चिरणं, भाकरी थापणं ही निदान बसून व्हायची कामं होती. आता तीही उभ्याने. खाली शाहाबादी फरशी, हिवाळ्यात बर्फासारखी. सणावाराला सात-आठ तास सहज व्हायचे. वहिनींनी चौघडी गोणपाट ओट्यासमोर टाकलं, ते ओल्या फरशीवर घसरायला लागलं म्हणून जुन्या गोधडीचा तुकडा शिवून घातला. म्हणजे भाचा आज जी वस्तू शोधतोय ती त्याच्या मामीने चाळीसेक वर्षांपूर्वी सुईदोऱ्याने केली होती. कुणी तिला नाव दिलं नाही, आम्ही पायपुसणं म्हणायचो. आज वहिनींच्या दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आहेत. डॉक्टरांनी विचारलं, दुकानात वगैरे काम करता का? वहिनी म्हणाल्या, नाही, मी घरीच असते.

आता खरी गंमत ऐका. हल्लीच्या ओट्यावाल्या स्वयंपाकघराची पणजी म्हणून जिचं नाव घेतात, ती फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या कामगारवस्तीसाठी ती आखली. बायकांची पावलं किती वाचतील याचा हिशेब करून आखलेली. तिच्यात खिडकीपाशी काम करायचा फळा होता आणि बसायला फिरतं स्टूल होतं! आपल्यापर्यंत येता येता ओटा आला, स्टूल वाटेत कुठेतरी राहिलं. आपल्या ओट्यासमोर आज स्टूल ठेवून पाहा. खाली भांड्यांची कपाटं, ट्रॉल्या. गुडघे आदळतात. बसणारी बाई कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतीच.

बाहेरच्या जगात निदान कायद्याने तरी नजर टाकली. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानात काम करणाऱ्या बायकांसाठी, तिघींमागे एक आसन द्यायचा कायदा झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वं कलम होतं: ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसायची सोय करायची, म्हणजे मध्येच फुरसत मिळाली तर टेकता येईल. २०२० च्या कामगार संहितेतही ती तरतूद आली आहे. पण साड्यांच्या नि कपड्यांच्या शोरूममधल्या मुलींना टेकायचा हक्क मिळायला केरळात २०१८ साल उजाडलं. कोळिकोडच्या विजी पेनकूट्टू आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण मांडलं होतं. तामिळनाडूत तसा कायदा २०२१ मध्ये झाला. जुन्या कापडदुकानात पांढऱ्या गादीवर दुकानदारही बसायचा आणि गिऱ्हाईकही. गादी गेली, काचेचं काउंटर आलं, विकणारी उभी राहिली. ओट्याचीच गोष्ट.

आणि आमच्या रावेर-मुक्ताईनगरकडे ट्रकमध्ये केळीचे घड भरताना खाली केळीची पानं अंथरतात, डाग पडू नये म्हणून.

तर भाच्या, आता तुझी मॅट. मी वाचलं ते सांगतो. फार मऊ घेऊ नकोस. पाय रुतला की तोल सांभाळण्यातच स्नायू दमतात. दाबली तर थोडी बसावी आणि लगेच वर यावी. पाऊण-एक इंच जाडी पुरे. कडा उतरत्या हव्यात, नाहीतर एक दिवस ठेचकाळशील. २००१ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी माणसांना वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चार-चार तास उभं करून पाहिलं, तेव्हा जाणवण्याजोगा फरक तिसऱ्या तासापासून दिसला. म्हणजे तू दर अर्ध्या-पाऊण तासाने बसणार असशील, तर मॅटने फार काही होणार नाही, आणि बसायलाच हवंस. तुझ्या टेबलाला खाली यायचं बटण आहे. पहारा बदलायची सोय आहे, ती वापर.

मॅट मीच घेतोय, वहिनींसाठी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "धुता येते का?" स्वस्तातल्या फोमच्या मॅटचं पांघरूण फाटलं की त्या पाणी पितात, म्हणून तेल आणि पाणी सोसणारी नायट्राइल रबराची पाहतोय, तीन फूट बाय दोन फूट. शिवाय ओट्याखालचं डावीकडचं कपाट काढून गुडघे आत जातील एवढी जागा करता येईल का, हे सुताराला विचारलंय. उंच स्टूल तोच करून देतो म्हणाला. पोळा झाल्यावर येणार आहे.