एका खोडावरचे अनेक आंबे

एकाच झाडावर सफरचंदाच्या अनेक जाती बांधण्याचा छंद थंड प्रदेशातला. बडोद्याच्या सौम्य हिवाळ्यात तो साधणे कठीण. आपल्या परसात ते काम आंब्याकडेच येते.

सोळाव्या शतकात गोव्यातील जेझुइट पाद्र्यांनी भेटकलमाने निवडक आंबे वाढविले. हापूसच्या नावात आफोन्सो द आल्बुकर्क अद्याप नांदतो आहे. मानकुरादच्या फिकट रंगाला पोर्तुगीजांनी नावे ठेवली. चवीला ठेवणे मात्र त्यांनाही जमले नाही! कोय रुजवून मूळ जात जशीच्या तशी मिळेलच असे नाही. ती टिकते काडीतून. जुनागढच्या नबाबांनी १९३४ साली ज्याचे नाव ठेवले, तो केसर गुजरातभर पसरला तो कलमांच्याच बळावर. मलिहाबादेत कलीमुल्ला खान यांनी तर एकाच वृक्षावर तीनशेहून अधिक जाती बांधल्या. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली.

सयाजीराव महाराजांच्या काळी, १८७९ साली, कमाटीबाग उभी राहिली. सार्वजनिक उद्यानांना असे आश्रयदाते लाभले. वाड्यांच्या परसातील रायवळ आंब्यांना घरच्या माणसांवाचून कोणी नव्हते. वाडा पाडून इमारत उभी राहते, तेव्हा त्या घराखेरीज कोठेही नसलेला आंबाही जातो. तो वाचवायचा तर वाड्याचा सौदा होण्यापूर्वीच्या पावसाळ्यात काडी घ्यावी लागते : पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेली. नातलगांच्या अंगणातील एखाद्या झाडाच्या फांद्या आधी छाटून ठेवाव्यात आणि नव्या फुटव्यांवर पाचर कलम करावे. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावी, आणि शक्यतो त्याच दिवशी बांधावी.