देवाच्या घरात माणसाचं बिऱ्हाड

माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. सुट्टीत तो बायकामुलांना घेऊन एका खेड्यात चार दिवस राहून आला. फोनवर म्हणाला, "मामा, आम्ही उतरलो ते घर म्हणजे पूर्वीचं चर्च. वेदी होती तिथे आता स्वयंपाकाचा ओटा आहे." आमच्या शहापूरच्या घरात हे ऐकून आई दचकलीच. "देवाच्या घरात कांदा-लसणाची फोडणी?" एवढंच ती म्हणाली. माझ्या मनात मात्र वेगळा प्रश्न आला. देवाचं घर विकायचं, हे ठरवतं कोण? आणि ठरवतं कसं?

ही चर्चं 'चर्च ऑफ इंग्लंड'ची, म्हणजे अँग्लिकन पंथाची. हा पंथ आपल्या ठाणे जिल्ह्याला परका नाही. ठाणे शहरातलं सेंट जेम्स चर्च याच पंथाचं. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी त्याचं पवित्रीकरण केलं, ते कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी. १९४७ साली साहेब गेले. १९७० साली नागपूरला काही पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं आणि आपल्याकडची बहुतेक अँग्लिकन चर्चं त्यात आली. ज्यांच्यासाठी ते चर्च बांधलं ते निघून गेले, पण इथली माणसं येत राहिली. म्हणून चर्च चर्चच राहिलं.

इंग्लंडच्या खेड्यांत नेमकं उलट घडलं. तिथली कित्येक चर्चं पाचशे-सातशे वर्षांची आहेत. गावाचा बाप्तिस्मा, लग्न, अंत्यसंस्कार सगळं तिथेच. पुढे गिरण्या आल्या, शेतीत यंत्रं आली आणि तरुण मंडळी शहरात गेली. राहिलेल्यांचंही रविवारचं चर्चला जाणं कमी होत गेलं. दहा-बारा म्हाताऱ्या माणसांनी एवढ्या मोठ्या दगडी इमारतीचं छप्पर शाकारायचं कुठून?

अखेर १९६८ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. चर्च बंद करायचं तर आधी जाहीर नोटीस द्यायची आणि लोकांच्या हरकती ऐकायच्या. मग तीन वाटा. फार मोलाची वास्तू असेल तर ती जतन करणाऱ्या न्यासाकडे जाते. या न्यासाकडे आज साडेतीनशेहून अधिक चर्चं आहेत. नाहीतर इमारतीला दुसरा उपयोग शोधायचा: सभागृह, कार्यशाळा किंवा राहतं घर. काहीच जमलं नाही तर ती पाडायची.

घर झालं तरी घेणाऱ्याला हवं ते करता येत नाही. वास्तू संरक्षित यादीत असेल तर खिडकीची रंगीत काच बदलायलाही परवानगी लागते. उंच छताखाली पोटमाळे घालून खोल्या काढतात, पण हिवाळ्यात ते घर तापता तापत नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती आणखी एक अट. चर्चच्या अंगणात कबरी असतात. घर विकताना त्या कबरींना धक्का लावायचा नाही, असं खरेदीच्या कागदात लिहून घेतात. नातेवाइकांना फुलं वाहायला येता यावं म्हणून वाटही राखून ठेवतात. इमारत विकली, पण गावाची ये-जा विकली नाही.

हे वाचलं आणि मला मुरबाड तालुक्यातलं माझं आजोळ आठवलं. तिथे जांभळाखाली गावदेवीचं ठाणं आहे. शेंदूर फासलेले चार दगड, एवढंच. आजूबाजूचं शेत बंगल्यासाठी विकलं गेलं, तारेचं कुंपण पडलं. आता बायाबापड्या ओढ्यातून वळसा घालून ओटी भरायला जातात. घेणाऱ्याला दोष कसा द्यावा? वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची होती, पण कागदावर कुठेच नव्हती.

आमच्या पट्ट्यात असे व्यवहार आता रोजचे झालेत. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला, तेव्हापासून जमिनीची विचारपूस वाढलीच आहे. म्हशाच्या खांबलिंगेश्वराची मला काळजी नाही. पौष पौर्णिमेला तिथे जत्रा आणि बैलबाजार भरतो, हजारो माणसं येतात. काळजी वाटते ती झाडाखालच्या देवांची, वाघोबाची आणि जिथे दफन करतात त्या जागांची.

जमीन विकू नका, असं मी कुणाला सांगणार? मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो. पण विकताना देवाची वाट खरेदीखतात लिहून घ्या, सातबाऱ्याच्या इतर अधिकारांत नोंदवून घ्या. आईला मी त्या इंग्रजी कबरींची अट समजावून सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग फोडणी चालेल. वाट ठेवलीय ना?"