भेटीची नक्षीदार रिव्हॉल्व्हरे : संग्रह व पारख

सन्मान, कृतज्ञता किंवा व्यापारी हेतूने कोणाला भेट देण्यासाठी खास नक्षीकाम करवून घेतलेली जुनी रिव्हॉल्व्हरे जमवणे, हा शस्त्रसंग्रहाचा एक स्वतंत्र प्रकार. अशी शस्त्रे युरोपातही घडली. पण संग्राहकांचा मुख्य ओढा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेकडे, त्यातही कोल्ट कंपनीकडे असतो.

सॅम्युएल कोल्ट (१८१४–६२) याला अमेरिकेत १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले. त्याचा पॅटरसन येथील पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला आणि मेक्सिको युद्धाच्या काळात, १८४७ मध्ये, सरकारी मागणीमुळेच धंदा पुन्हा उभा राहिला. मोठी खरेदी राज्यकर्ते आणि सेनाधिकारी करतात हे ओळखून त्याने भेट हीच विक्रीची रीत केली. १८५४ मध्ये रशियाचा झार पहिला निकोलस याला त्याने सोन्याचे जडावकाम असलेली रिव्हॉल्व्हरे दिली. तुर्की सुलतानालाही अशी भेट गेली. त्याच घडणीचे, जॉर्ज वॉशिंग्टनची सोन्यातील प्रतिमा असलेले एक ड्रॅगून रिव्हॉल्व्हर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. काही भेटी तर ग्रंथाच्या आकाराच्या लाकडी पेट्यांतून दिल्या गेल्या. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) ही प्रथा सर्वत्र पसरली. रणांगणावर निघालेल्या अधिकाऱ्याला गावकरी, मित्र किंवा हाताखालचे सैनिक वर्गणी काढून शस्त्र देत.

नक्षीकार बहुतेक जर्मन परंपरेतले. गुस्ताव यंग १८५२ ते १८६९ पर्यंत कोल्टसाठी काम करी, पुढे तो स्मिथ अँड वेसनकडे गेला. दाट वेलबुट्टी आणि घोड्यावर कोरलेले लांडग्याचे तोंड ही त्याची खूण. न्यूयॉर्कचा लुई निम्श्के आपल्या कामाचे शाईचे ठसे वहीत जपून ठेवी. ती वही १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सही नसलेली अनेक शस्त्रे तिच्या आधारे ओळखता आली. या क्षेत्रात तिच्याइतके मोलाचे साधन दुसरे क्वचितच असेल.

पारख हा या छंदाचा गाभा. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्याच्या सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची १६ मे १८४३ ची लढाई दिसते. पण ते चित्र ऑर्म्सबी या कोरीवकाराच्या साच्यावरून रूळ दाबून उमटवलेले असून साध्या नेव्हींवरही असते. नवखा संग्राहक त्यालाच हातचे काम समजतो. खरा धोका मात्र मागाहून केलेल्या नक्षीचा. कोल्टच्या सांगाड्यावर आधी कोरीव काम होई आणि मग उष्णसंस्काराने पृष्ठभाग कठीण केला जाई. त्यामुळे निळे-तपकिरी रंग कोरलेल्या रेषांतही उतरत. पुढे कोणी नक्षी काढायची तर पोलाद आधी मऊ करावे लागते आणि मूळ रंग जातात. पुन्हा घासून-पॉलिश केलेल्या शस्त्रावर रेषांच्या कडा बोथट होतात. हे नुकसान भरून निघत नाही, म्हणून झिजलेले पण अस्पर्श शस्त्र चकचकीत केलेल्या शस्त्रापेक्षा नेहमीच श्रेष्ठ मानावे.

मुठीच्या मागच्या पट्टीवरील नाव किंमत अनेक पटींनी वाढवते, आणि ते उमटवणे सर्वांत सोपे असते. प्रसिद्ध सेनानीचे नाव म्हणूनच पुरावा ठरत नाही. अक्षरांची घडण त्या काळाची आहे का, शस्त्राचा क्रमांक त्या व्यक्तीच्या हयातीशी जुळतो का, कारखान्याच्या वह्या, पत्रे किंवा वारसांकडील कागद काय सांगतात, हे सारे तपासावे लागते. नाव कमी प्रसिद्ध, पण कागद भक्कम असलेले शस्त्र अभ्यासकाला अधिक शिकवते.

यादवी युद्धातील सेनापती युलिसिस ग्रँटला भेट मिळालेली, हस्तिदंती मुठींच्या रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरांची जोडी २०२२ मध्ये अमेरिकेतील लिलावात सुमारे ५१.७ लाख डॉलरला गेली. कोल्टच्या स्वतःच्या संग्रहातील शस्त्रे त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्या मृत्युपत्रामुळे १९०५ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियमकडे आली. संग्राहकाला कायदाही पाहावा लागतो. अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंतची शस्त्रे पुरातन ठरतात. हस्तिदंतावर मात्र २०१६ पासून वेगळे कडक निर्बंध असून शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुराव्यानिशी सवलत मिळते.