सालवृक्षांचे ‘बीजवर्ष’ : वने दरवर्षी सारखी का फळत नाहीत?

जबलपूर : मध्य प्रदेशातील मंडला, डिंडोरी व बालाघाट जिल्ह्यांतील सालवने दरवर्षी सारखी फळत नाहीत. साधारणतः ३ ते ५ वर्षांतून एकदा त्यांना भरघोस बी धरते. त्या वर्षाला ‘बीजवर्ष’ म्हणतात.

विपुल फळधारणेत झाडाने साठविलेले अन्न खर्ची पडते आणि तो साठा भरून निघण्यास काही हंगाम जावे लागतात, असे वनशास्त्र मानते. मार्चच्या सुमारास येणारा फुलोरा गारपीट वा वादळात झडल्यासही बी कमी धरते. मात्र असंख्य झाडे एकाच वर्षी फळली, की कीटक व प्राणी सर्व बी फस्त करू शकत नाहीत आणि उरलेले रुजते.

सालवृक्षाचे बी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर गळते. त्याची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकत असल्याने चांगल्या वर्षातील बी पुढील वर्षी पेरण्यासाठी राखून ठेवता येत नाही. त्यामुळे रोपवाटिकांना रोपनिर्मितीचे नियोजन बीजवर्ष पाहूनच करावे लागते. तेलासाठी सालबी वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबांची उन्हाळ्याअखेरची मिळकतही याच चढउतारावर अवलंबून असते.