बखरकाराची दृष्टी व संभाजीचरित्र

बखर हा मराठी गद्यातील इतिहासकथनाचा जुना प्रकार होय. ‘खबर’ ह्या अरबी शब्दाच्या वर्णविपर्ययाने ‘बखर’ हा शब्द बनला, असे सामान्यतः मानले जाते. बहुतेक बखरी कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिल्या गेल्या. स्वामीने पृच्छा करावी आणि सेवकाने वृत्तांत निवेदन करावा, अशी त्यांची धाटणी असते. त्यामुळे बखरीचा निवेदक आपली जागा लपवीत नाही. तो कोणाचा चाकर आहे, कोणाच्या दरबारात बसला आहे आणि कोणाला ऐकविण्यासाठी लिहितो आहे, हे तो बहुधा आरंभीच सांगतो. वाचकाला मात्र पुढे कथेच्या ओघात त्याचा विसर पडतो. असा विसर पडल्याने एखाद्या राजाची प्रतिमा किती काळ एकाच रंगात राहू शकते, ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजी (कार. १६८०–८९) यांचे चरित्र.

कृष्णाजी अनंत सभासद याने आपली बखर १६९४ ते १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने रचली. लेखक शिवकालाचा साक्षीदार असल्याने तिचे मोल मोठे आहे. पण ती ऐकणारा धनी शिवाजी महाराजांचा धाकटा पुत्र होता आणि थोरला बंधू मारला गेल्यावर, मोगलांच्या वेढ्यात, तो राज्य सांभाळीत होता, ही गोष्ट वाचताना ध्यानी ठेवावी लागते. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या क्षणांचे वर्णन करताना सभासदाने त्यांच्या मुखी राज्याच्या भावी गतीचे भाकीत घातले आहे. वडील पुत्राच्या हातून राज्य टिकणार नाही, धाकटा वाचला तर ते वाढवील, असा त्याचा रोख आहे. बखर लिहिली गेली तेव्हा विजापूर (१६८६) व गोवळकोंडा (१६८७) ही राज्ये बुडालेली होती आणि संभाजीराजांचा अंतही झालेला होता. घडून गेलेले वृत्त मृत्युशय्येवरील भविष्यवाणीच्या रूपाने आल्यामुळे ते नियतीसारखे अटळ भासू लागते व राजारामांच्या अधिकाराला प्रत्यक्ष पित्याची संमती लाभते. सभासदाने हे जाणूनबुजून केले असे म्हणण्याचे कारण नाही. दरबारी निवेदकाला त्या प्रसंगी दुसरे काही सुचणेच कठीण होते.

संभाजीराजांचे जे चित्र पुढे लोकमानसात रूढ झाले, ते मात्र सभासदाचे नव्हे. त्याचा मुख्य कर्ता मल्हार रामराव चिटणीस हा होय. साताऱ्याच्या दुसऱ्या शाहू छत्रपतींच्या आज्ञेवरून त्याने छत्रपतींची चरित्रे १८१०-११ च्या सुमारास, म्हणजे संभाजीराजांच्या मृत्यूनंतर सु. १२० वर्षांनी लिहिली. मल्हार रामराव हा शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचा वंशज. राजाविरुद्ध झालेल्या कटाच्या आरोपावरून बाळाजी आवजी यांना अण्णाजी दत्तो आदींबरोबर १६८१ मध्ये देहान्त शिक्षा झाली होती. बाळाजींचा पुत्र खंडो बल्लाळ याने पुढे छत्रपतींची सेवा एकनिष्ठेने केली आणि चिटणिशी त्या घराण्यातच राहिली. तथापि मूळ पुरुषाच्या वधाची आठवण घरात मागे उरलीच असणार. चिटणीस-बखरीतील संभाजीराजे क्रोधी, व्यसनासक्त आणि दुष्ट सल्ल्याने चालणारे दिसतात, त्यामागे ही पूर्वपीठिका आहे.

बखरीत निवेदकाचा पक्ष विधानांतून प्रकट होतो, त्याहून अधिक तो शब्दांच्या निवडीतून प्रकट होतो. संभाजीराजांचा विश्वासू मंत्री कविकलश याचे नाव बखरींत ‘कलुषा कबजी’ असे येते. ‘कविजी’चे ‘कबजी’ हा उत्तरेकडील उच्चाराचा साधा परिणाम असेल. परंतु ‘कलश’चे ‘कलुषा’ होताच नावातच पाप व मळ ह्यांचा अर्थ शिरतो आणि त्या पुरुषाने काही करण्यापूर्वीच त्याच्याविषयीचा निर्णय लागून जातो.

प्रसंगांची मांडणीही अशीच आहे. रायगड ताब्यात येताच संभाजीराजांनी सावत्र माता सोयराबाई यांना भिंतीत चिणून मारविले, अशी कथा ह्या परंपरेत आहे. रायगड ताब्यात आला तो १६८० मध्ये, आणि सोयराबाईंचा मृत्यू झाला तो १६८१ च्या उत्तरार्धात. मध्ये वर्षाहून अधिक काळ गेला आहे. मधला काळ वगळला की सूडाची कथा पूर्ण होते. तो परत घातला की दुसऱ्या कटाचा प्रसंग मध्ये येतो व प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

मोगल पक्षाच्या लेखकांनीही ह्या चित्रात भर घातली. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वर येथे संभाजीराजे पकडले गेले, तेव्हा ते ऐषारामात मग्न होते, असे खाफीखान लिहितो. बखरकार व मोगल तवारीखकार हे परस्परविरोधी गोटांतले असूनही एकच कारण देतात, म्हणून ते खरे मानावे, असा युक्तिवाद पुष्कळदा केला गेला. तो सदोष आहे. राजाचा नाश त्याच्या दुर्गुणांमुळे होतो, ही दोन्ही परंपरांची समान नीतिकल्पना होती. शिवाय एकाला बादशहाचा विजय न्याय्य ठरवायचा होता, तर दुसऱ्याला राज्यावर आलेल्या अरिष्टाचा बोल एकाच व्यक्तीवर ठेवायचा होता. दोघांची वाट एका ठिकाणी येऊन मिळते ती अशी.

गोव्यातील वृत्तांत आणखी निराळा. १६८३ च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरील किल्ला घेतला आणि तो परत घेण्याचा पोर्तुगीज विजरईचा प्रयत्न फसला. तेव्हा विजरईने संत फ्रान्सिस झेव्हियरच्या देहापाशी आपला राजदंड ठेवून शहराच्या रक्षणाची प्रार्थना केली व मराठे माघारी गेले, अशी पोर्तुगीज परंपरा आहे. ह्याच सुमारास शाह आलमच्या हाताखालील मोगल सैन्य कोकणात उतरले होते. त्याचा उल्लेख केला, तर चमत्काराला फारशी जागा राहत नाही.

बखरीतील ही दृष्टी बखरींपुरतीच राहिली असती, तर तिचा परिणाम मर्यादित झाला असता. पण १८१८ ते १८२२ ह्या काळात साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासासाठी (१८२६) चिटणिसांची सामग्री वापरली. येथे एक महत्त्वाचा पालट झाला. बखरीत ‘मी अमक्याचा सेवक सांगतो’ असा जो आवाज ऐकू येतो, तो इंग्रजी ग्रंथात लोपला. मजकूर राहिला, सांगणारा गेला. कौटुंबिक स्मृतीचे तटस्थ इतिहासात रूपांतर झाले आणि शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून ते मराठी वाचकांकडे परत आले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ मध्ये ग्रँट डफवर टीका करून त्याच्या साधनांची चिकित्सा आरंभिली, वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करताना अस्सल पत्रांच्या तुलनेत बखरींचे प्रामाण्य दुय्यम ठरविले. पण नाटककारांना बखरीतील राजाच अधिक सोयीचा होता. राम गणेश गडकरी यांचे अपूर्ण राहिलेले राजसंन्यास हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. गो. स. सरदेसाई यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकारानेही ह्या कारकीर्दीवरील भागाला ‘उग्रप्रकृती संभाजी’ असे नाव दिले.

लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने वेगळ्या प्रकारचा निवेदक पुढे आणला. १६१८ ते १६९७ ह्या काळातील घटना तीत तिथीवार व कोरडेपणाने नोंदल्या आहेत. ‘कलुषा’ येथे ‘कविकलश’ आहे आणि राजाच्या स्वभावाविषयी शब्दही नाही. अर्थात काय नोंदावे व काय सोडावे हे येथेही कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातूनच ठरले आहे.

वा. सी. बेंद्रे यांचे छत्रपती संभाजी महाराज (१९६०) व कमल गोखले यांचे शिवपुत्र संभाजी (१९७१) ह्या ग्रंथांनी शकावली, पत्रे, परकीय वखारींची कागदपत्रे आणि संभाजीराजांचे स्वतःचे संस्कृत लेखन यांच्या आधारे जुने चित्र मोडून काढले. चिटणिसांच्या कौटुंबिक वैराकडे त्यांनी वेधलेले लक्ष योग्यच होते. मात्र त्यांच्यानंतरच्या काही लेखकांनी ह्या वैराचा उपयोग सर्व प्रतिकूल पुराव्यांवरील एकच उत्तर म्हणून केला. लेखकाला वैर होते, एवढ्याने त्याचे विधान खोटे ठरत नाही; ते तपासण्याची गरज तेवढी सिद्ध होते. सोयराबाईंची कथा टिकत नाही ती कालक्रमामुळे, चिटणिसांच्या कुळामुळे नव्हे. उलट राज्यकारभाराच्या पद्धतींविषयी त्याच मल्हार रामरावाने दिलेली माहिती दप्तराशी असलेल्या पिढीजात संबंधामुळे आजही उपयोगी पडते. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे दिलेरखानाकडे का गेले, ह्या प्रश्नावर तर प्रत्येक निवेदक आपापल्या जागेवरून बोलतो आणि कालक्रमाची कसोटी तेथे पुरी पडत नाही.