पूस धरण

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात पूस नदीवर वनवार्ला गावाजवळ बांधलेले मातीचे धरण. राज्य शासनाने सिंचनासाठी बांधलेले हे धरण १९७१ मध्ये पूर्ण झाले. पायाच्या सर्वांत खोल भागापासून त्याची उंची सुमारे ४२ मी. असून लांबी पाऊण किलोमीटरच्या आसपास आहे. एकूण साठा सुमारे ११४ दशलक्ष घनमीटर (दलघमी) असून त्यातला उपयुक्त साठा ९१.२६ दलघमी आहे. उरलेला मृत साठा कालव्यात पाणी सोडणाऱ्या विमोचकाच्या पातळीखाली राहतो. तो कालव्यात येत नाही. याच नदीवर खाली महागाव तालुक्यात दुसरे धरण आहे. कागदोपत्री ते अधरपूस, तर लोकांच्या बोलण्यात वेणी धरण. त्याचा उपयुक्त साठा ५९.६३ दलघमी. परिसरात नुसते ‘पूस धरण’ म्हटले की वरचेच धरण समजतात.

पूस नदी वाशीमच्या पठारावरून आग्नेयेकडे उतरते, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पूर्वेकडील फाट्यांमधून वाट काढत पुसद शहराजवळून वाहते आणि पुढे महागाव तालुक्यातून जाऊन पैनगंगेला मिळते. तिचे पाणी पैनगंगेतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत आणि शेवटी गोदावरीत जाते. नदीचा स्वभाव या भागातल्या इतर नद्यांसारखाच आहे. उन्हाळ्यात पात्रात डबकी उरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत दोन्ही काठ भरतात. त्याचे कारण जमिनीत आहे. खाली बसाल्टचा कातळ, वर उतारांवर मुरमाचा पातळ थर आणि दरीत काळी माती. पावसाळा सुरू झाला की काळी माती फुगते, तिच्या भेगा मिटतात. मग पडणारे पाणी जिरण्याऐवजी घसरून थेट नाल्याला लागते. डोंगरात पाऊस झाला की थोड्याच वेळात पुसदच्या पुलाखाली पाणी चढते, ते यामुळे.

बांधणीच्या दृष्टीने हे मातीचे धरण आहे. अशा धरणाच्या मधोमध पाणी न झिरपू देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो. तो पायथ्याखाली खणलेल्या चरातून कातळापर्यंत नेलेला असतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच, पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडी पिचिंग आणि खालच्या पायथ्याशी झिरपलेले पाणी निवळ बाहेर काढणारी गाळणी. विदर्भात काळी माती आणि मुरूम दोन्ही हाताशी असल्याने असा बांध स्वस्तात उभा राहतो. काळ्या मातीचा दोष असा की ती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. म्हणून ती उघडी न ठेवता गाभ्यात कोंडून ठेवावी लागते. मातीच्या बांधाला पाण्याचे वजन सोसते, पण माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. एकदा पाणी माथ्यावरून गेले की बांध वरून खाली चिरत जातो. त्यामुळे सगळा भार सांडव्यावर असतो.

पूस धरणाच्या सांडव्याला दरवाजे नाहीत. धरणाचा पूर सोसण्याचा गुण आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका गोष्टीतून येतात. यवतमाळ जिल्ह्यातील बेंबळा प्रकल्पाला २० दरवाजे आहेत. दिग्रसजवळच्या अरुणावतीवरही दरवाजे उघडून विसर्ग सोडतात. तिथे किती पाणी सोडायचे आणि केव्हा, हे माणूस ठरवतो. पूसवर ते पाणीच ठरवते. जलाशय सांडव्याच्या माथ्यापर्यंत भरला की जास्तीचे पाणी आपोआप ओसंडू लागते. त्या माथ्यावर पाणी जितके चढेल, तितका विसर्ग वाढतो, पण सरळ पटीत नव्हे: पाण्याचा थर दुप्पट झाला तर विसर्ग जवळपास पावणेतीन पट होतो. रात्री अंधारात, वीज गेलेली असताना, कोणी चावी फिरवायला नसतानाही हे यंत्र चालते, ही दरवाजाविरहित सांडव्याची मोठी जमेची बाजू. लहान गावांच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणासाठी मला ती फार मोलाची वाटते.

पुराला आळा बसतो तो दोन प्रकारांनी, आणि दोन्हींचे बळ सारखे नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी जलाशय उतरलेला असतो. सेकंदाला १,००० घनमीटर वेगाने आलेला पूर तासाभरात ३६ लाख घनमीटर, म्हणजे ३.६ दलघमी पाणी आणतो. पूसचा उपयुक्त साठा पूर्ण रिकामा असेल, तर असा पूर अखंड २५ तास पोटात घेण्याएवढी जागा तिथे आहे. जून-जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पुसदच्या वरून येणारा लोंढा धरणापाशीच थांबतो तो यामुळे. जलाशय एकदा तुडुंब भरला की ही जागा संपते. मग उरतो दुसरा प्रकार: सांडव्याच्या माथ्यावर पाणी चढत असताना जलाशयाच्या सगळ्या पसाऱ्यावर जो थर तात्पुरता साचतो तेवढाच. पसाऱ्याच्या प्रत्येक चौरस किलोमीटरवर एक मीटर थर चढला तर १० लाख घनमीटर पाणी थबकते. त्यामुळे पुराचा कळस बोथट होतो आणि उशिरा येतो. पूर टळत नाही. पुसदच्या सखल वस्तीला सामान आवरायला काही तास मिळतात, आणि सप्टेंबरच्या भरल्या धरणाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा धरणे चूक आहे.

या धरणाचा मूळ हेतू सिंचन. रब्बीचा गहू-हरभरा, उसाचे मळे आणि पुसद शहराचे नळ त्याच्यावर अवलंबून आहेत. शेतकऱ्याला ते ऑगस्टमध्येच भरलेले हवे असते, पण पूर अडवायचा तर ते अर्धे रिकामे असायला हवे. दरवाजे असलेल्या धरणावर या दोन मागण्यांत रोज तडजोड करता येते. पूसवर ती सांडव्याच्या माथ्याची पातळी ठरवताना एकदाच झाली आणि ती साठ्याच्या बाजूने झाली. धरण पूर्ण झाले तेव्हा पुसद तालुक्यातल्याच गहुलीचे वसंतराव नाईक (जन्म १ जुलै १९१३) मुख्यमंत्री होते. १९६३ ते १९७५ या त्यांच्या कारकिर्दीत कोरडवाहू शेताला पाणी मिळवून देणे हे सरकारचे पहिले काम होते. धरण पूर्ण झाले आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. त्या काळात रिकामी जागा राखून ठेवण्याचा विचार कुणाच्या मनात येणे अवघड होते.

धरणाचा अंमल धरणाच्या वरच्या पाणलोटावरच चालतो. खाली पुसद, महागाव, उमरखेड तालुक्यांत पैनगंगेच्या खोऱ्यात उतरणारे शेकडो नाले त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि अलीकडचे मोठे अनर्थ तिथेच घडले. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड–पुसद रस्त्यावर दहागावच्या नाल्यात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस पुलावरच्या पाण्याने ओढून नेली. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला. अडकलेल्यांसाठी वायुदलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा नाल्यांना मोठे धरण उपयोगाचे नाही. तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि उंच पूल हवेत. पुसदच्याच सुधाकरराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना (१९९१–९३) जलसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे केले, त्याचा विषय नेमका हाच होता.

पूसच्या खालच्या टोकाला आणखी एक अडचण आहे. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा उपयुक्त साठा ९६४.१० दलघमी, म्हणजे पूसच्या दसपटीहून अधिक. इसापूरचे दरवाजे उघडले आणि पैनगंगा दुथडी भरली की पूसचे पाणी संगमाशी तुंबते आणि फुगवटा मागे सरकतो. त्या काठच्या गावांना वनवार्ल्याच्या सांडव्याबरोबर इसापूरच्या विसर्गाची बातमीही ऐकावी लागते.

मातीच्या धरणाबद्दलची भीती महाराष्ट्राला १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेत धरणाने शिकवली, आणि २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेल्या चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणाने ती पुन्हा जागी केली. तिवरे हे तर लहान धरण होते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याखाली १५ मीटरहून उंच सर्व धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी लागते. पूस त्यात येते. तपासणीत पाहायच्या गोष्टी साध्या असतात. माथा कुठे खचला आहे का, पिचिंगचे दगड सरकले का, उतारावर बाभळी उगवल्या का, घुशी आणि खेकड्यांची बिळे किती. सर्वांत महत्त्वाचे, पायथ्याशी येणारा पाझर निवळ आहे की गढूळ. निवळ पाझर धरणाला हवाच असतो. तो गढूळ झाला तर पाणी गाभ्यातली माती घेऊन निघाले आहे असे समजतात, आणि तेव्हा दुरुस्तीला उद्याची वाट पाहत नाहीत.