गुन्हेगारीशास्त्राचे अध्यापन : जन्म की कर्म?

मनुष्य गुन्हा का करतो, या प्रश्नाने गुन्हेगारीशास्त्राच्या अध्यापनास सामान्यतः आरंभ होतो. आमच्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : अमुक मनुष्य गुन्हेगार आहे, हे कोणी व कशावरून ठरविले?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच गुन्हेगार ठरविल्या. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. नावनोंदणी, पोलिसांपुढील हजेरी, संचारावरील बंधने आणि सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंट ही त्याची साधने होती. आरोप सिद्ध करण्याची आवश्यकताच नव्हती. जन्म हाच पुरावा होता. कायदा इंग्रजांनी केला हे खरे. परंतु धंदा वंशपरंपरेने चालतो, ही कल्पना त्यांना येथील जातिव्यवस्थेनेच पुरविली. म्हणूनच १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी व अस्पृश्य यांच्या अस्तित्वाचा जाब हिंदू संस्कृतीलाच विचारला.

पालि साहित्याची दृष्टी याच्या नेमकी उलट आहे. सुत्तनिपातातील वसलसुत्तात तथागत वसल कोण हे सांगताना चोरी, लूट, ऋण बुडविणे अशी कृत्येच मोजतात. कुळ मोजत नाहीत. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्त आणखी मागे जाते. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. शिरच्छेदाच्या शिक्षेने चोरी थांबली नाही, उलट लोकांनीच शस्त्रे हाती घेतली. कूटदन्तसुत्तातील पुरोहित तर वध व बंधन यांऐवजी शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन देण्याचा सल्ला राजाला देतो. या सुत्तांत आधुनिक शास्त्र शोधण्याचा आमचा आग्रह नाही. दंडापूर्वी राज्याच्या कर्तव्याची चौकशी करावी, एवढा धडा मात्र त्यांतून निश्चित मिळतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, परंतु 'सराईत गुन्हेगार' कायद्यांच्या रूपाने संशय मागे उरला. तुरुंगांच्या नियमांतूनही तो टिकून राहिला. कैद्यांना जातीनुसार कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला, तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी.

उद्याचे पोलीस अधिकारी, वकील व तुरुंगाधिकारी याच वर्गांतून घडतात. त्याच बाकांवर विमुक्त जमातींची मुलेही बसतात. म्हणून १८७१ चा कायदा हा अभ्यासक्रमातील तळटीप न राहता पहिला पाठ झाला पाहिजे. त्याशेजारी वसलसुत्त ठेवून वाचले, तर जन्म आणि कर्म यांतील भेद विद्यार्थ्यास वेगळा शिकवावा लागणार नाही.